गाथोगोने कुदळ उचलली

किनांगोपच्या माळावर आळशी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. पण बाकीचे आळशी निदान लोकलाजेस्तव खांद्यावर कुदळ टाकून हिंडतात. मुकुरियाचा धाकटा मुलगा गाथोगो याने तेवढेही कष्ट कधी घेतले नाहीत. त्याच्या घरातली कुदळ बायकोची, तिचा दांडा गुळगुळीत झाला तो बायकोच्या हातांनी, आणि ती कुठे ठेवलेली असते असं त्याला कोणी विचारलं असतं तर त्याने बायकोलाच हाक मारली असती.

दूधकेंद्राकडे जाणाऱ्या वाटेला लागून चार एकर जमीन आहे. एका बाजूला आमचे बटाटे, दुसऱ्या बाजूला गाथोगोच्या थोरल्या भावाची, काबुचोची, कोबी. आणि मधोमध हे चार एकर गवत. साधं गवत असतं तरी समजू शकलो असतो. हे ठोंब. गुडघ्याएवढे, राठ, केस पिंजारलेल्या म्हाताऱ्यांसारखे, हजारोंनी. गाय त्यांना तोंड लावत नाही. छपराला घालावेत म्हटलं तर आता सगळ्यांना पत्रे हवेत. गाथोगोच्या सात-आठ मेंढ्या ठोंबांच्या मधलं बारीक गवत खुडत फिरायच्या, आणि स्वतः गाथोगो लांब कोट, लोकरीची टोपी, गमबूट अशा थाटात वाटेकडच्या कडेला एका पालथ्या क्रेटवर बसायचा. साठी उलटेपर्यंत त्याने हाच एक धंदा केला. सकाळी गाढवगाड्या दुधाचे कॅन घेऊन निघाल्या की प्रत्येक गाडीवाला विचारी, "काय गाथोगो, लागलास कामाला?"

तो म्हणे, "बघतोय."

काय बघतोय, तर पक्षी.

आणि पक्षी तरी कसा, तर ज्याच्यासाठी शहाण्या माणसाने मानही वळवू नये. चिमणीहून जरा मोठा. आम्ही त्याला लांबनख्या म्हणतो, कारण पायाचं मागचं नख वाजवीपेक्षा लांब. छाती मात्र पिवळीजर्द आणि गळ्यात काळा हार, जणू रोज कोणीतरी त्याचा सत्कार करतंय. पण माणूस दिसला की हा सत्कारमूर्ती ती पिवळी छाती फिरवतो, आपल्याकडे पाठ करतो, आणि पाठ म्हणजे वाळक्या गवताचा तुकडा. गवतात गवत मिसळलं की संपलं. उडालाच तर शेपटीच्या कडांचं पांढरं दाखवत कमरेएवढ्या उंचीवरून जातो आणि शंभर पावलांत दमून खाली. बाकी सगळा वेळ चालणं. टुणटुण उड्या नाहीत; एकेक पाऊल टाकत, तपासणीला आलेल्या शाळाखात्याच्या साहेबासारखं. गाणं म्हणाल तर ठोंबाच्या शेंड्यावर चढून एकच बारीक शीळ, शेवटी वर चढणारी. एखाद्याने प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा तोच विचारावा, तशी.

एवढी झाडं सोडून हा घरटं घालतो जमिनीवर. ठोंबाच्या बुडाशी काड्यांची आणि बारीक मुळांची एक वाटी, तीत दोन किंवा तीन मळकट, ठिपक्यांची अंडी. मेंढीचा खूर पडेल, मुंगूस येईल, कावळा येईल, सगळं येईल. त्यावर उपाय काय, तर मादी सरळ घरट्यावर उतरत नाही. वीस-तीस पावलं लांब उतरते, उगाच किडे टिपल्याचं सोंग करते आणि मग ठोंबांच्या आडून वाकडीतिकडी चालत घरी जाते. आमच्या चर्चमधले काही वडीलधारे प्रार्थना अर्धी टाकून मधाची दारू प्यायला निघतात तेव्हा असेच आधी उलट्या दिशेला चालू लागतात. फरक एवढाच, की त्यांचं घरटं सगळ्या गावाला माहीत असतं.

हे सगळं मला कसं ठाऊक? गाथोगोकडून. चाळीस वर्षं शेजारी राहिलो, त्याने दुसरं काही सांगितलंच नाही.

त्याच्या लग्नात मी मुलाकडच्या बाजूने गेलो होतो, म्हणजे पापात माझाही वाटा आहे. वांबेरेच्या बापाला आम्ही सांगितलं, मुलाला वाटेवरची चार एकर आहे. पुरतं खोटं नव्हतं. बापाने मनातल्या मनात तीत बटाटे लावले, हा काय आमचा दोष? बिचारी वांबेरे आली आणि त्या ठोंबांकडे बघत दारात उभी राहिली. मग घरामागच्या पट्ट्यात भाजी लावली आणि बटाट्याच्या दिवसांत दुसऱ्यांच्या रानात रोजाने जाऊ लागली. चार एकरांची मालकीण लोकांचे बटाटे काढते, हा विनोद आमच्या वाडीने तीस वर्षं पुरवून पुरवून खाल्ला.

मग काबुचोने आजवर नांगर का नाही घातला, असं कोणीही विचारील. जमीन कागदावर दोघा भावांची आहे. पण म्हातारा मुकुरिया मरताना दोघांना उशाशी बसवून म्हणाला होता, "एकट्याच्या मनाने इथे नांगर घालू नका." मरणाऱ्या बापाचा शब्द मोडला की पिढ्यान्‌पिढ्या भोवतो, हे आमच्यात सगळे मानतात, चर्चला जाणारे जरा जास्तच मानतात. म्हाताऱ्याला वाटलं असेल की यामुळे भाऊ एकत्र राहतील. झालं असं, की एक भाऊ रोज सकाळी उठून "हो म्हण" म्हणायचा आणि दुसरा "बघतोय" म्हणायचा.

काबुचो कष्टाळू माणूस. त्यामुळे त्याच्याशी दोन घटका बोलणं कोणालाही जमत नाही. तो आपल्या कोबीचे गड्डे मोजल्याशिवाय जेवत नाही आणि जेवताना ते किती भरले हे सांगितल्याशिवाय घास गिळत नाही. त्याला गाथोगोच्या जमिनीचा लोभ होता असं मी म्हणणार नाही. त्याला ती नुसती बघवत नव्हती. पंक्तीत शेजारच्याच्या पानात घास राहिला की काही लोकांचा जीव तळमळतो ना, तसं.

असं चाललं असतं आणखी वीस वर्षं, आणि दोघेही सुखाने मेले असते. पण दोन पावसाळ्यांपूर्वी नैरोबीहून अकेलोबाई आली. ही मूळची पश्चिमेकडच्या मोठ्या सरोवराकाठची, उंच, पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात तीन पायांची दुर्बीण. वाटेवर गाढवगाडी थांबवून तिने विचारलं की असं असं गवत कुठे आहे. गाडीवाल्याने हसत गाथोगोकडे बोट दाखवलं. बाई तीन दिवस राहिली, आणि जाताना सांगून गेली की हा पक्षी आपला देश सोडून जगात कुठे नाही, देशातही या थंड माळांवरच्या ठोंबांतच आहे, आणि आपल्या वाडीत ठोंब फक्त गाथोगोने राखले आहेत.

राखले आहेत! तिसाव्या वर्षीच ज्याची कंबर बसून बसून धरली, त्या माणसाने म्हणे राखले. पण नैरोबीच्या बाईच्या तोंडून शब्द निघाला आणि गाथोगोच्या अंगात शिरला. तो चालताना छाती काढू लागला. दूधकेंद्रावर विचारलं तर आता "बघतोय" नाही; "निरीक्षण चालू आहे." वांबेरे म्हणाली, "माझा नवरा पूर्वी रिकामा बसायचा, आता निरीक्षणाला बसतो. क्रेट तोच आहे."

या वर्षी लहान पावसाच्या, म्हणजे आमच्याकडच्या वर्षातल्या दुसऱ्या पावसाच्या, आधी बाईचा निरोप आला. तिच्या मंडळींचे, म्हणजे पाखरं राखायचं काम करणाऱ्या संस्थेचे, मोठे साहेब स्वतः येणार. त्यांना पटलं, तर मंडळी ती जमीन गवत म्हणूनच राखायला घेतील, दर हंगामाला भाडं देतील, वर मेंढ्या देतील. हे ऐकून काबुचोला झोप लागेना. करार झाला तर नांगर कायमचा संपला. त्याने लगेच बकरा कापून वाडीतल्या थोरांना बसवलं. मीही होतो, बकरा चांगला होता. काबुचो म्हणाला की पाऊस तोंडावर आलाय, या आठवड्यात नांगर लागला नाही तर बटाट्याचा हंगाम गेला, धाकट्याने काय ते आज सांगावं.

गाथोगोच्या पोटात तोवर मधाची दारू गेली होती. ती आमच्याकडे विचारी माणसाला गप्प करते आणि गाथोगोसारख्याला बोलकं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "शनिवारी साहेब येतायत. वाटेकडच्या बाजूला घरटं आहे, दोन अंडी आहेत. साहेबांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि करार केला, तर दादाने पुन्हा नांगराचं नाव काढायचं नाही. नाही केला, तर सोमवारी ट्रॅक्टर आण. फाटक मी उघडीन."

असं म्हणून त्याने शिंगातली उरलेली दारू जमिनीवर ओतली. पूर्वजांना साक्षीला बोलावल्यावर शब्द मागे घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी उतरल्यावर तो माझ्याकडे आला आणि विचारू लागला की मी नक्की काय काय बोललो. मी सांगितलं. तो माझ्या अंगणात खाली बसला. चहा दिला तर गार करून प्यायला.

आता या माणसाने फक्त एक गोष्ट करायची होती, ती म्हणजे काहीही न करणं. साठ वर्षांचा सराव होता. अकेलोबाईने निरोपातसुद्धा स्वच्छ सांगितलं होतं, "आमच्यासाठी काही करू नका, आहे तसंच असू द्या."

इथेच घोटाळा झाला. पाहुणा "काही करू नका" म्हणाला म्हणजे काय करायचं असतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. कोंबडी कापायची असते. अंगण झाडायचं असतं. पाहुणा चांगल्या घरचा म्हणून तसं म्हणतो, आणि आपणही चांगल्या घरचे म्हणून ते ऐकत नाही. जो खरंच काही करत नाही त्याच्याकडे पुन्हा कोणी जात नाही. गाथोगो आयुष्यात दुसरं काही शिकला नसला तरी हे शिकला होता.

त्यात चीफसाहेब आले. आमचे चीफ म्हणजे सरकारी टोपीखाली ठेवलेला एक आवाज. त्यांनी ठोंबांवर नजर फिरवली आणि विचारलं, "मोठ्या लोकांना या जंगलात बसवणार? माझ्या हद्दीत?" मांडव आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या ते देणार होते. जागा सपाट करून देणं गाथोगोकडे आलं.

बुधवारी सकाळी गाथोगोने बायकोला हाक मारून कुदळ कुठे आहे ते विचारलं.

ही बातमी दूधकेंद्रापर्यंत दुधाच्या आधी पोचली. लोक बघायला आले. मास्तर वर्ग सोडून आले. आमच्यातल्या एका म्हातारीने, जिला काही वर्षांपासून दिसत नाही, नातवाला सांगितलं की मला नीट वर्णन करून सांग. गाथोगो ठोंबाच्या बुडात कुदळ घाली, ओढी, धापा टाकी, आणि ठोंब निघाला की आमच्याकडे असा बघे, जणू दात काढलाय. दोन दिवसांत वाटेकडचा एक एकर त्याने टकलासारखा केला. शेवटी गुरुवारी दुपारी कंबर अशी धरली की दोघांनी उचलून नेला. मागचे तीन एकर तसेच राहिले.

घरट्याचा ठोंब मात्र त्याने सोडला होता. एवढी अक्कल शिल्लक होती म्हणायची. पण तिचंही त्याने काय केलं बघा. शुक्रवारी तो वाकल्या कमरेने उठला आणि त्या एकट्या ठोंबाभोवती गोल दगड मांडले, दगडांना चुना लावला. चीफच्या कचेरीपुढे झेंड्याच्या खांबाला असतात तसे. चुना मीच दिला, खोटं कशाला बोलू. वाटेवरून बघितलं तर सपाट काळी माती, मधे पांढऱ्या दगडांचं रिंगण आणि आत एक पिंजारलेला ठोंब. तिथे नुसती पाटी लावायची बाकी होती की अंडी इथे आहेत.

मादी सकाळी आली. नेहमीप्रमाणे लांब उतरली. ठोंब तर उरले नव्हते. मोकळ्या मातीवर चार पावलं चालली, थांबली, पिवळी छाती फिरवून पाठ केली. काळ्या मातीवर वाळक्या गवताचा रंग तर आणखीच उठून दिसतो. ती उडून गेली. परत आली, परत गेली. गाथोगो क्रेटवरून म्हणाला की नव्या जागेला जरा बुजते, होईल सवय.

वांबेरे भाजीची टोपली घेऊन वाटेत उभी होती. तिने आजवर त्या पक्ष्याबद्दल एक अक्षर बरं काढलेलं मी ऐकलं नव्हतं. लेकीच्या नावाने नवऱ्याला हाक मारून ती म्हणाली, "न्याकियोचे बाबा, ती आता घरी जाणार कुठून?"

"समोरून जाईल की. केवढी वाट केलीय."

"जिला चोरांचं भय आहे ती समोरून जाते होय? मी तरी जाईन का, घरात पोरं ठेवून, सगळा गाव आणि वर कावळे बघत असताना?"

गाथोगोने त्या मोकळ्या मातीकडे पाहिलं. मला वाटतं त्याच क्षणी त्याला कळलं. चाळीस वर्षं बघून जे त्याच्या डोक्यात होतं, ते त्याच्या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. तो उठला आणि उपटलेल्या ठोंबांच्या ढिगाकडे गेला. एक ठोंब उचलून त्याने मातीत परत रोवून पाहिला. ठोंब आडवा पडला. दुसरा रोवला, तोही पडला. तेवढ्यात चीफची माणसं मांडवाचे बांबू घेऊन आली आणि त्यांनी विचारलं की हे काय नवीन खूळ. सांजवेळी सगळे गेल्यावर मादी अंधाराचा आडोसा घेऊन आत शिरली, असं त्याने मला सांगितलं. तेवढ्यावर त्याने देवाचे आभार मानले. देवाला यात ओढायचं काही कारण नव्हतं.

शनिवारी सकाळी माणसं जमली आणि ती पुन्हा अंड्यांवरून उठली.

मोठ्या साहेबांची गाडी चिखलात रुतली, ती काढायला काबुचो स्वतः गेला आणि फार आनंदाने गेला. मांडवात चहा होता, बटाटे आणि मका घोटून केलेला मुकिमो होता, कोंबड्या होत्या. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, तीत पावसाचा, सरकारचा आणि शेवटी पाखरांचा उल्लेख आला. अकेलोबाई मात्र गाडीतून उतरली ती तिथेच उभी राहिली. तिने ती काळी माती पाहिली, ते पांढरे दगड पाहिले. मी पुष्कळ माणसांना शिव्या देताना पाहिलंय, पण न देण्यासाठी एवढी मेहनत घेताना त्या दिवशीच पाहिलं. गाथोगो टोपी हातात धरून तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी साफ केलं."

"दिसतंय," ती म्हणाली.

कुंपणाच्या खांबावर बसून नर तोच तो प्रश्न विचारत होता. मादी मातीच्या कडेला उतरे, चोचीत काही नाही, तीन पावलं चाले आणि माघारी. आम्ही दोनशे माणसं बघत होतो. मांडवाच्या बांबूवर छातीवर पांढरी बंडी घातल्यासारखे दिसणारे दोन कावळे बसले होते, तेही बघत होते, आणि आमच्यापेक्षा नीट बघत होते. चीफसाहेब भाषणाला उठले. "हा जो अनमोल ठेवा आम्ही जिवापाड जपला" इथपर्यंत ते आले तेव्हा पहिला कावळा खाली उतरला. पांढऱ्या दगडावर चढला. आत डोकावला. आणि एक अंडं चोचीत धरून, काही घाई न करता, पाहुण्यांच्या डोक्यावरून निघून गेला. दुसरा उतरला, त्याने दुसरं नेलं.

पाद्रीबाबांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. तिला सांगितलं होतं की भाषणाच्या वेळी पक्षी दिसेल.

गाथोगो धावला. धरलेल्या कमरेचा माणूस जसा धावतो तसा धावला, म्हणजे लोकांना हसू आलं. ठोंबापाशी जाऊन त्याने गवत बाजूला केलं आणि वाकून आत बघत राहिला. आत काय असणार? वाटी होती. तो कितीतरी वेळ सरळ झाला नाही, आणि ते कमरेमुळे की कशामुळे, हे मी विचारलं नाही.

काबुचो खुर्चीवरून उठला. त्याने एवढंच म्हटलं, "सोमवार."

मोठे साहेब घड्याळ बघू लागले. ते बारीक चणीचे, थकलेले गृहस्थ होते. असे मांडव त्यांनी पुष्कळ बघितले असावेत. अकेलोबाई मात्र मांडव सोडून मागच्या तीन एकरांकडे चालायला लागली. कडेला जाऊन थांबली आणि तिने गाथोगोला हाक मारली.

"हे का नाही साफ केलंत?"

आता सगळ्या वाडीपुढे, चीफपुढे, थोरल्या भावापुढे हे सांगायचं. गाथोगोने टोपी चुरगाळली. "कंबर धरली, बाई."

"देवाची कृपा," ती म्हणाली. "मागच्या खेपेला इथे मी दुसरी जोडी मोजली होती. ती अजून आहे ना?"

गाथोगोला दुसऱ्या जोडीचा पत्ताच नव्हता. चाळीस वर्षांचा निरीक्षक, पण क्रेटपासून तिथवर जायला चालावं लागलं असतं. बाईने साहेबांना बोलावलं, दोघं एका ठोंबाआड चिखलात बसले आणि आम्हाला लांब गप्प उभं केलं. आमची वाडी एवढा वेळ गप्प बसल्याचं उदाहरण नाही. मग जमिनीच्या खालच्या, चिखलाच्या तळाकडच्या बाजूने एक मादी आली. चोचीत हिरवा टोळ. लांब उतरली, इकडे चालली, तिकडे चालली, एका ठोंबाआड गेली. बाहेर आली तेव्हा चोच रिकामी होती. आत पिल्लं होती. साहेबांनी दुर्बीण खाली केली, आणि मघापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जीव दिसला.

वाद मात्र संपला नाही. काबुचो म्हणाला, बोलणं वाटेकडच्या घरट्याचं झालं होतं, हे घरटं त्यात नव्हतं. त्याचं खरं होतं. गाथोगोचे पाठीराखे, म्हणजे मी आणि मांडवात चहा देणारा पोरगा, म्हणालो की साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं, करार करायला ते तयार आहेत. हेही खरं होतं. थोरांनी मांडवातच बैठक घातली. कोंबड्या अजून उरल्या होत्या. निवाडा असा झाला: दारू ओतून दिलेला शब्द वाटेकडच्या घरट्याचा, ते गेलं, तेव्हा वाटेकडचा एकर काबुचोने नांगरावा. मागचे तीन गवतच राहतील आणि काबुचो त्यांचं नाव काढणार नाही. काबुचो कुरकुरला, पण जमीन आयती साफ करून मिळाली हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चांगली खणलीस रे. मुळंसुद्धा ठेवली नाहीस." चाळीस वर्षांत त्याने धाकट्याचं केलेलं हे पहिलं कौतुक.

साहेबांनी कराराचा कागद वाचून दाखवला. सदर जमिनीवर मालकाने खणायचं नाही, उपटायचं नाही, जाळायचं नाही, नांगरायचं नाही. मेंढ्या चारायला हरकत नाही. वांबेरेने सगळं नीट ऐकून घेतलं. "साहेब," ती म्हणाली, "एवढी शाई कशाला घालवलीत? हे तर मी लग्न झाल्यापासून बघतेय." मग तिने काबुचोकडे वळून विचारलं, "आणि दादा, त्या एकरात बटाटे लागतील ते निम्मे कुणाचे? जमीन दोघांची आहे ना?" काबुचोचा चेहरा बघण्यासारखा झाला. थोर म्हणाले, वहिनीचं बरोबर आहे. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की त्या मांडवात व्यवहार कळणारं माणूस एकच होतं आणि त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती.

सोमवारी गाथोगोने फाटक उघडलं, शब्दाप्रमाणे. ट्रॅक्टर आत गेला, त्याच्या मागे बगळे आणि तेच दोन कावळे किडे वेचत चालले. तो एकटा ठोंब पहिल्याच फेरीत उलटला. पांढरे दगड काबुचोने आधीच उचलून आपल्या दारापुढे नेले होते. गाथोगो शेवटचा चर ओढून होईपर्यंत फाटकाला धरून उभा होता. मी शेजारी होतो. काही लागट बोलावं असं मनात फार होतं, चार-पाच वाक्यं तयारही होती. ती आता इथे वापरली.

वाटेकडच्या जोडीचं काय झालं, कुणाला ठाऊक नव्हतं. क्रेट घेऊन गाथोगो आता तळाला, चिखलात, आमच्या नजरेआड जाऊन बसतो. एवढं चालायला लागल्यामुळे सुरुवातीचे आठ दिवस त्याचे पाय सुजले, असं वांबेरे सांगत होती. तीन आठवड्यांनी मी कुंपणापाशी त्याला गाठलं. टोपीवर गवताची काडी, कोटाला चिखल, आणि चेहऱ्यावर काही तरी लपवणाऱ्या माणसाचा भाव. मी विचारलं, "काय, ती पहिली जोडी आली का मागे? घातलं घरटं?"

"मला काय ठाऊक."

"अरे, चुना मी दिला होता. मला तरी सांग. मीच जाऊन बघू का?"

"बघ जाऊन."

"आणि पाय कुठे ठेवायचा?"

त्याने माझ्या गमबुटांकडे पाहिलं.

"म्हणूनच सांगतो," तो म्हणाला, "जाऊ नकोस."